खरे चेहरे, खरे आवाज आणि ३२१ दिवस : ब्रिटिश लष्कराच्या एका भरतीमोहिमेचं प्रकरण

सराव चालू असताना मधेच थोडी उसंत मिळालेली एक तुकडी. त्यातला एक सैनिक बाजूला होतो, बूट काढतो आणि नमाज पढायला लागतो. बाकीचे त्याचं होईपर्यंत शांत थांबतात. त्या फिल्ममध्ये घडतं ते एवढंच. धुरातून धावत येणारा वीर नाही, छातीत धडकी भरवणारं संगीत नाही. ही ब्रिटिश लष्कराच्या भरतीची जाहिरात आहे, जानेवारी २०१८मधली.

जाहिरातलेखन शिकवताना मी ही फिल्म पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवतो आणि एकच प्रश्न विचारतो : इथे विकायला काय ठेवलंय? पगार, देशप्रेम, साहस ही उत्तरं क्वचितच येतात. 'सोबत', 'आपली माणसं', 'समजून घेणं' अशीच येतात. मोहीम आखणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. तिचं नावच होतं 'धिस इज बिलाँगिंग'. मराठीत म्हणायचं तर, आपलेपणा म्हणतात तो हाच.

२०१७ ते २०१९ या तीन वर्षांतलं हे प्रकरण मी दरवर्षी चर्चेला घेतो. 'जाहिरात खरी हवी' असं आमच्या व्यवसायात सगळेच म्हणतात आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मॉडेल नको, खरी माणसं घ्या' एवढाच काढतात. या मोहिमेत खरे सैनिक होते, त्यांचे खरे आवाज होते, त्यांनी सांगितलेल्या गोष्टीही खऱ्या होत्या. तरी तिच्यात खोट राहिली. ती कुठे राहिली हे नीट पाहायला हवं, कारण इथे गिऱ्हाईक सोळा-सतरा वर्षांचं असू शकतं आणि किंमत पैशांत मोजली जात नाही. आयुष्यातली काही वर्षं द्यावी लागतात, वेळ आली तर जीवही.

माणसं का मिळेनात

ब्रिटनमधली सक्तीची लष्करी सेवा कधीच संपली. १९६०नंतर कुणाला बोलावणं गेलं नाही आणि सक्तीनं आलेले शेवटचे सैनिक १९६३मध्ये घरी परतले. तेव्हापासून लष्कराला प्रत्येक माणूस राजीखुशीनंच मिळवावा लागतो. म्हणजे जाहिरात तिथे शोभेसाठी नसते. ती थांबली तर बराकी रिकाम्या पडू लागतात.

२०१०नंतर खर्चकपातीत नियमित सैन्याचा आकडा ८२,०००पर्यंत खाली आणायचं ठरलं. पण तेवढीही माणसं भरेनात. कारणं अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. ब्रिटिश सैन्याची अफगाणिस्तानातली लढाई ऑक्टोबर २०१४मध्ये थांबली. युद्ध संपलं की सैन्यात जायची ओढ वाढेल असं बाहेरच्याला वाटतं, पण झालं उलटंच. बातम्यांतून लष्कर दिसेनासं झालं आणि तरुणांच्या मनातूनही ते उतरलं. त्यातच देशात नोकऱ्या होत्या. २०१८मध्ये बेरोजगारी चार टक्क्यांच्या आसपास होती, १९७०च्या दशकाच्या मध्यानंतरची सर्वांत कमी. ज्याला दुकानात, गोदामात, बांधकामावर काम मिळतंय त्याला भल्या पहाटे उठून चिखलात लोळायला बोलावणं सोपं नसतं.

तिसरं कारण तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल निक कार्टर यांनी स्वतःच बोलून दाखवलं होतं. लष्कराचा पारंपरिक उमेदवार म्हणजे सोळा ते पंचवीस वयाचा गोरा तरुण, आणि असे तरुण आता पूर्वीइतके नाहीत. समाज बदललाय, तेव्हा पूर्वी ज्यांच्याकडे कधी पाहिलं नाही अशा घरांतूनही माणसं यायला हवीत.

चौथी गोष्ट जाहिरातीच्या बाहेरची आहे, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिच्यात आहे. २०१२मध्ये भरतीचं काम कॅपिटा या खाजगी कंपनीबरोबर भागीदारीत करण्याचा करार झाला, ४९.५ कोटी पौंडांचा. त्याआधी गावोगावच्या भरती केंद्रांत गणवेशातला सार्जंट बसलेला असे. मुलगा आत यायचा, सार्जंट त्याला चहा द्यायचा, फॉर्म भरून घ्यायचा आणि आठवड्यानं फोन करून 'पळायला सुरुवात केलीस का रे?' असंही विचारायचा. नव्या रचनेत केंद्रांची संख्या १३१वरून ६८वर आली. बरंचसं काम संगणकावर आणि फोनवर गेलं.

आपलेपणा विकायचा ठरला

लष्कराचं जुनं घोषवाक्य होतं 'बी द बेस्ट', सर्वोत्तम व्हा. १९९०च्या दशकापासून ते चालत आलं होतं. त्याच्या जोडीच्या जाहिरातींत धडाडी असायची, यंत्रं असायची, दूरदेश असायचे. २०१७च्या सुरुवातीला कार्मारामा या जाहिरात संस्थेनं तो सगळा साज उतरवून ठेवला. नव्या फिल्ममध्ये दमलेली, भिजलेली माणसं दिसू लागली, एकमेकांना हात देणारी, थट्टा करणारी. पराक्रम मागे गेला आणि पराक्रमांच्या मधला वेळ पुढे आला.

माझ्या मते हा निर्णय अतिशय चांगला होता, आणि तो कुठल्या फॅशनमुळे आला असं मला वाटत नाही. लष्कर सोडून आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, मागे काय राहिलं म्हणून. तो बंदुकीचं नाव घेत नाही. सोबत्यांची नावं घेतो, टोपणनावांसकट. त्या आयुष्यात खरोखर जे असतं आणि बाहेर जे सहज मिळत नाही तेच जाहिरातीनं उचललं. जाहिरात खरी करायची तर कॅमेरा लावण्याआधी हा शोध घ्यावा लागतो : आतल्या माणसाला जे खरंच मोलाचं वाटतं ते काय आहे?

पण आपलेपणा ही विकायला फार जोखमीची गोष्ट आहे. बूट विकताना तुम्ही बुटाचं वचन देता. आपलेपणा विकताना इतर शेकडो माणसांच्या वागण्याचं वचन देता, जी माणसं तुमच्या फिल्ममध्ये नाहीत. शिवाय आपलेपणाची सगळ्यात जास्त भूक ज्याला असते तो बहुधा सगळ्यात एकटा असतो. त्याला तुम्ही हाक मारताय याची जाणीव ठेवूनच हाक मारायला हवी.

जानेवारी २०१८ : पाच प्रश्न

दुसऱ्या वर्षी मोहीम धीट झाली. खर्च होता १६ लाख पौंडांचा, म्हणजे लष्कराच्या हिशेबात किरकोळच. नमाजाच्या त्या फिल्मसोबत छोट्या चलच्चित्रांची एक मालिका आली. चित्रं रेखाटलेली, आवाज मात्र खऱ्या सैनिकांचे. प्रत्येकात एक प्रश्न होता. मी समलिंगी असलो तर चालेल का? सैन्यात असताना रडू आलं तर? मी बोललो तर कुणी ऐकून घेईल का? माझा धर्म पाळता येईल का? इथे यायला मी महामानव असायला हवं का?

हे प्रश्न फॉर्म भरायला बसलेला मुलगा कुणाला विचारत नाही. सार्जंटला तर नाहीच. जाहिरातीनं ते त्याच्या आधी उच्चारले यात मला मोठी माणुसकी दिसते. समलिंगी सैनिकाच्या फिल्ममध्ये तो सांगतो की सुरुवातीला तो धास्तावलेला होता, पण काही दिवसांतच त्याला स्वतःसारखं वागता येऊ लागलं आणि आता आपल्या जोडीदाराबद्दल तो मोकळेपणानं बोलतो. या वाक्याचं वजन कळायला एक तारीख लक्षात ठेवावी लागते. जानेवारी २०००पर्यंत ब्रिटिश सैन्यदलांत समलिंगी असणं हे हकालपट्टीचं कारण होतं. लोकांची चौकशी व्हायची, खाजगी पत्रं वाचली जायची. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १९९९मध्ये ब्रिटनविरुद्ध निकाल दिला तेव्हा कुठे ती बंदी उठली. म्हणजे अठरा वर्षांपूर्वी ज्याला हाकलून दिलं असतं त्याचाच आवाज आता दारावर उभा राहून 'या' म्हणत होता. अशा वेळी खरा आवाज असण्याला मोल येतं. ते वाक्य अभिनेत्यानं म्हटलं असतं तर त्याला काडीचाही अर्थ उरला नसता.

विरोधही जोरदार झाला. अफगाणिस्तानात ब्रिटिश फौजांचं नेतृत्व केलेले कर्नल रिचर्ड केंप म्हणाले की लष्कर 'पोलिटिकल करेक्टनेस'च्या, म्हणजे कुणालाच न दुखावण्याच्या अट्टहासाच्या, लाटेत वाहून चाललंय. ज्यांना खरंच भरती व्हायचंय त्यांना हे प्रश्न पडत नाहीत, लढाईला आपण कसे सामोरे जाऊ हा पडतो. त्याच सुमाराला 'बी द बेस्ट' हे वाक्य जुनाट आणि इतरांना दूर लोटणारं आहे असं सांगणारा लष्कराचाच अंतर्गत आढावा बाहेर फुटला होता. ते वाक्य काढून टाकण्याचा बेत संरक्षणमंत्र्यांनी रोखला. वर्तमानपत्रांत दोन तट पडले, एक मऊ लष्कर म्हणणारा आणि एक आधुनिक लष्कर म्हणणारा.

वर्गात इथे मी थोडा वेळ थांबतो, कारण दोन्ही तट मूळ मुद्दा चुकवतात असं मला वाटतं. 'असे प्रश्न कुणाला पडत नाहीत' हे केंप यांचं म्हणणं चूक होतं. ज्यांना ते पडतात ते आजवर दारापर्यंत आलेच नव्हते, म्हणून लष्कराला ते ठाऊक नव्हते. पण त्यांच्या तक्रारीत एक खरा काटा आहे. मालिकेतले प्रश्न पुन्हा वाचा आणि त्यात कुठले नाहीत ते पाहा. मला कुणाला मारावं लागेल का? मी मेलो तर? दोन वर्षांनी मन बदललं तर बाहेर पडता येतं का? अफगाणिस्तानात ४५७ ब्रिटिश सैनिक गेले. त्यांच्यापैकी कुणाच्याही आईला पडलेला प्रश्न या मालिकेत नाही. जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं खरी होती. प्रश्न मात्र निवडून घेतलेले होते, आणि निवड करणाऱ्याच्या सोयीनं घेतलेले होते.

पोस्टरवरचा सैनिक

तिसऱ्या वर्षी, जानेवारी २०१९मध्ये, मोहिमेनं जुन्या पेटीतलं एक हत्यार काढलं. समोर रोखलेलं बोट आणि मिशांचा लॉर्ड किचनर, पहिल्या महायुद्धातला ब्रिटनचा युद्धमंत्री, 'तुझ्या देशाला तू हवा आहेस' सांगणारं १९१४चं ते चित्र जगभर नकललं गेलंय. त्याच धाटणीची पोस्टर्स आली. त्यांवर सैनिकांचे चेहरे आणि वर नव्या पिढीला हिणवायला वापरले जाणारे शब्द. 'स्नो फ्लेक्स' : लष्कराला तुमची करुणा हवी आहे. 'फोन झॉम्बीज' : तुमची एकाग्रता हवी आहे. सेल्फीवेड्यांचा आत्मविश्वास, रात्रभर गेम खेळणाऱ्यांची चिकाटी, वर्गातल्या विदूषकांचा उत्साह, 'मी-मी' करणाऱ्या पिढीचा स्वतःवरचा भरवसा.

'स्नो फ्लेक' म्हणजे शब्दशः हिमकण, पण टोमणा म्हणून आपल्याकडचं 'लाजाळूचं झाड' त्याच्या जवळ जातं. बोट लावलं की मिटणारा. कल्पना हुशार होती. जग ज्याला दोष म्हणतं त्यात आम्हाला गुण दिसतो, असं सांगायचं होतं. कागदावर ती वाचली तर मीही मान डोलावली असती.

पण त्या शब्दाखाली ज्याचा चेहरा होता तो स्कॉट्स गार्ड्स या ब्रिटिश पायदळ पलटणीतला एक खराखुरा तरुण सैनिक होता. त्याच्या पलटणीत, त्याच्या गावात, त्याच्या फोनवर काय चाललं असेल ते सांगायला नको. आपला फोटो वापरला जाणार हे माहीत होतं, पण त्याच्यावर तो शब्द येणार हे माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं वर्तमानपत्रांत आलं. लष्करच सोडायची भाषा तो करतोय, अशीही बातमी आली.

हे पोस्टर जवळून पाहा. एक चेहरा, वर मोठी अक्षरं. 'करुणा'ची ओळ रस्त्यापलीकडून चटकन नजरेत भरत नाही. बसमधून जाणाऱ्याला दिसतो तो एक चेहरा आणि एक शिवी. मांडणी करणाऱ्यानं ते पोस्टर संगणकाच्या पडद्यावर, हातभर अंतरावरून पाहिलं असणार. तिथून दोन्ही ओळी दिसतात.

आणि मोहीम तर आपलेपणाची! आपलेपणाची सगळ्यात साधी रीत कुठली? माणसाबद्दल चारचौघांत काही बोलायचं तर आधी त्याला विचारायचं. संमतीपत्रावर सही असते, पण ती फोटोसाठी असते. चेहऱ्यावर कुठला शब्द बसणार ही वेगळी संमती आहे, आणि आज्ञा पाळणं हीच ज्याची नोकरी आहे अशा माणसाकडून ती घेताना दुप्पट काळजी लागते. 'नको' म्हणणं त्याला खरंच शक्य होतं का, हा प्रश्न खाजगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला घेऊन जाहिरात करतानाही पडायला हवा. गणवेशातल्या माणसाबाबत तर तो टाळताच येणार नाही.

किचनरच्या चित्राचा उल्लेख आलाच आहे, तर थोडं आडवाटेला जातो. १९१४मध्ये भरतीसाठी आणखी एक युक्ती वापरली गेली होती, आणि तीही आपलेपणाचीच होती. एकाच गावातले, एकाच गिरणीतले, एकाच खेळाच्या संघातले मित्र एकत्र आले तर त्यांना एकत्रच ठेवू, असं वचन दिलं गेलं. त्यातून 'पाल्स' म्हणजे दोस्तांच्या पलटणी उभ्या राहिल्या. ते वचन पाळलंही गेलं. १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन या छोट्या गिरणगावाच्या पलटणीतले सुमारे ७०० जण खंदकांतून बाहेर पडले. अर्ध्या तासात त्यांतले ५८०हून अधिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. गल्लीच्या गल्ल्यांनी दुखवट्यात पडदे ओढून घेतले. जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा असू शकतो, पाळलाही जाऊ शकतो, आणि तरी जे सांगायचं राहिलं तेच सगळ्यात महत्त्वाचं निघू शकतं. २०१९च्या पोस्टरला त्या चित्राची आठवण वापरायची होती. आठवण वापरली की ती पूर्ण येते, हवी तेवढीच येत नाही.

परिणाम? जाहिरातशास्त्राच्या नेहमीच्या मापानं पाहिलं तर मोहीम जिंकली. पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ९,७०० अर्ज आले, आधीच्या वर्षीच्या त्याच काळाच्या जवळजवळ दुप्पट. व्यवसायातल्या अनेकांनी इथे पुस्तक मिटलं आणि टाळ्या वाजवल्या. मला ते पुढे उघडायचं आहे.

अर्जानंतरचे दिवस

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं डिसेंबर २०१८मध्ये या भरती भागीदारीची चौकशी प्रसिद्ध केली. सरकारी अहवाल आहे, कोरडा आहे, पण मला तो हेलावून टाकतो. २०१३पासून एकाही वर्षी भरतीचं उद्दिष्ट गाठलं गेलं नव्हतं. तूट दरवर्षी २१ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान होती. २०१७–१८मध्ये नियमित आणि राखीव मिळून ६,९४८ माणसं कमी पडली. म्हणजे बरोबर तेच वर्ष, ज्यात नमाजाची फिल्म आणि ते पाच प्रश्न लोकांसमोर आले.

त्याच वर्षी अर्ज केल्यापासून मूलभूत प्रशिक्षण सुरू होईपर्यंत निम्म्या उमेदवारांना लागलेला काळ ३२१ दिवसांपर्यंत होता. उरलेल्या निम्म्यांना त्याहूनही जास्त. अर्ज केलेल्यांपैकी ४७ टक्के स्वतःहून बाहेर पडले, आणि लांबलेली प्रक्रिया हे त्यामागचं मोठं कारण असल्याचं लष्कर आणि कॅपिटा दोघांनाही मान्य होतं. नोव्हेंबर २०१७मध्ये अर्जांसाठी नवी संगणकप्रणाली सुरू झाली. ती ठरल्यापेक्षा ५२ महिने उशिरा आली होती आणि तिच्यावर ११.३ कोटी पौंड खर्च झाले होते. सुरुवातीलाच तिच्यात इतक्या अडचणी आल्या, की मार्च २०१८पर्यंतच्या पाच महिन्यांत सुमारे २५,००० अर्ज कमी आले असा अंदाज अहवालात आहे. १६ लाखांच्या जाहिराती लोकांना ज्या दाराकडे पाठवत होत्या, त्या ११.३ कोटींच्या दाराचा कडीकोयंडाच अडकला होता.

३२१ दिवस म्हणजे काय ते एका मुलाच्या बाजूनं पाहू. रात्री अंथरुणात फोनवर त्यानं ती फिल्म पाहिली, 'इथे तू आमचाच' हे त्याला पटलं आणि त्यानं फॉर्म भरला. तो ऑक्टोबर असेल. मग वैद्यकीय कागद मागणारा निरोप येतो. मग काही येत नाही. नाताळ जातो. फोन लावला की प्रत्येक वेळी नवा आवाज, त्याचं प्रकरण पहिल्यापासून विचारणारा. लहानपणी एकदा दम्याचा पंप वापरला होता, त्याची डॉक्टरांकडून चिठ्ठी हवी. मार्चमध्ये मित्र गोदामात कामाला लागतो आणि दर आठवड्याला पगार मोजतो. मुलगा रोज पळत असतो, मग दिवसाआड, मग नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये बोलावणं येतं तेव्हा तो फोन उचलत नाही. हा मुलगा मी कल्पिलेला आहे. पण ४७ टक्क्यांत तो कुठेतरी नक्की आहे.

त्याला मिळालेला लष्कराचा पहिला अनुभव कुठला? फिल्म नव्हे. फिल्म हे बोलावणं होतं. पहिला अनुभव म्हणजे त्याच्या नावाची आठवण न ठेवणारी यंत्रणा. आपलेपणाचं वचन दिलेल्यानं निरोपाला उत्तर न देणं हे साध्या दिरंगाईपेक्षा जास्त लागतं, हे आपल्याला घरच्या अनुभवावरूनही कळतं. अनोळखी माणसानं पत्राचं उत्तर दिलं नाही तर आपण विसरतो. मामानं दिलं नाही तर वर्षानुवर्षं मनात राहतं.

म्हणून मी म्हणतो की जुन्या भरती केंद्रातला तो सार्जंट हा या मोहिमेचा गमावलेला भाग होता. जाहिरात जे सांगत होती ते करून दाखवणारा पहिला माणूस तोच होता. खर्च वाचवण्यासाठी त्याला कमी केलं आणि मग त्याच्या गुणांची फिल्म काढली.

कुणाला उद्देशून?

हा भाग मला सगळ्यात जड जातो. ब्रिटनमध्ये पंधरा वर्षं सात महिने झाले की लष्करात अर्ज करता येतो आणि सोळाव्या वर्षी भरती होता येतं, पालकांच्या संमतीनं. हॅरोगेटला या मुलांसाठी लष्कराचं वेगळं महाविद्यालय आहे. अठराच्या आत त्यांना लढाईवर पाठवत नाहीत, हेही सांगायला हवं.

२०१७मध्ये या मोहिमेचा नियोजनाचा कागद वर्तमानपत्रांच्या हाती लागला. त्यात मुख्य श्रोता म्हणून सोळा ते चोवीस वयाचे तरुण होते आणि सामाजिक गट होता 'सी टू डी ई', म्हणजे अंगमेहनतीची कामं करणाऱ्या आणि बेकार कुटुंबांचा. पुढच्या वर्षी बातमी आली, की शालान्त परीक्षेच्या निकालाच्या सुमारास लष्कराच्या जाहिराती फेसबुकवर सोळा वर्षांच्या मुलांसमोर येत होत्या. मार्क कमी पडले तरी इथे वाट आहे, असा त्यांचा आशय.

लष्कराची बाजू मी हलकी लेखत नाही. हातात प्रमाणपत्र नसलेल्या मुलाला शिक्षण, पगार, कौशल्य आणि शिस्त देणाऱ्या संस्था फार थोड्या असतात, आणि लष्कर ते देतं. तिथून आयुष्य सावरलेले लोक आहेत आणि त्यांचे खरे आवाज जाहिरातीत असायलाच हवेत. पण निकाल हातात घेऊन रडवेला बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला 'ये, तू आमचा' म्हणणं, ही वेळ कुणी तरी हिशेबानं निवडलेली आहे. त्या क्षणी तो बारीक अक्षरं वाचणार नाही. आणि बारीक अक्षरं काय म्हणतात? अठरा पूर्ण होईपर्यंत नोटीस देऊन त्याला बाहेर पडता येतं. पण एकदा अठरा उलटली की किमान चार वर्षांचा बंध लागू होतो आणि तो अठराव्या वाढदिवसापासून मोजला जातो. म्हणजे सोळाव्या वर्षी आलेला मुलगा बाविशीपर्यंत बांधलेला, तर अठराव्या वर्षी आलेलाही बाविशीपर्यंतच. लहानपणी आलेल्याची दोन वर्षं हिशेबात धरली जात नाहीत. 'मन बदललं तर?' हा सहावा प्रश्न मालिकेत असता तर त्याचं उत्तर एका मिनिटात सांगता आलं असतं.

आत गेल्यावर

वचनाची खरी कसोटी बराकीत लागते. जुलै २०२१मध्ये ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीनं सैन्यदलांतल्या महिलांच्या अनुभवांवर अहवाल दिला. चार हजारांहून अधिक आजी-माजी महिला सैनिक बोलल्या. त्यांच्यापैकी सुमारे ६२ टक्क्यांनी दमदाटी, छळ, भेदभाव किंवा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं. हा अहवाल तिन्ही सैन्यदलांचा आहे, एकट्या लष्कराचा नाही, आणि मोहिमेच्या आधीच्या कितीतरी वर्षांचे अनुभव त्यात आहेत. त्यामुळे 'जाहिरात खोटी होती' असा थेट निष्कर्ष मी काढत नाही. नमाजाची फिल्मही खरी आणि हे ६२ टक्केही खरे. एकाच संस्थेत एका तुकडीत जीव लावणारी माणसं असतात आणि शेजारच्या तुकडीत जीव नकोसा करणारी. जाहिरातीनं पहिली तुकडी दाखवली. दुसरीत पोचलेल्या मुलीला ती फिल्म आठवत असेल तेव्हा तिला काय वाटत असेल, हे आखणी करणाऱ्यांनी टेबलावर घ्यायला हवं होतं. 'मी बोललो तर कुणी ऐकून घेईल का?' हा प्रश्न मोहिमेनंच विचारला होता. त्याचं उत्तर तक्रार नोंदवण्याच्या व्यवस्थेत तयार करायचं असतं.

अशी मोहीम माझ्याकडे आली असती तर मी काय केलं असतं, असं विद्यार्थी विचारतात. आपलेपणाचं सूत्र ठेवलं असतं. पाचही प्रश्न ठेवले असते आणि बंधाचा, मृत्यूचा, तक्रारीचा असे तीन आणखी घेतले असते, त्याच सैनिकांच्या तोंडून. निकालाच्या आठवड्यात अठराखालच्यांसाठीची जाहिरात बंद ठेवली असती. आणि अर्ज केलेल्या प्रत्येकाला एकच सैनिक शेवटपर्यंत नावानं फोन करेल याची सोय होईपर्यंत फिल्म बाहेर सोडली नसती, कितीही पुरस्कार हुकले तरी. यांतल्या शेवटच्या गोष्टीला पैसा लागतो आणि तो जाहिरातीच्या खात्यातून मिळत नाही, हेही मी त्यांना सांगतो. तो भांडून मिळवावा लागतो. ब्रिटिश सरकारनं पुढे दहा दिवसांत सशर्त होकार आणि तीस दिवसांत प्रशिक्षणाची संभाव्य तारीख देण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. ३२१च्या शेजारी तो तीसचा आकडा लिहिला, की मोहिमेला कुठली गोष्ट कमी पडत होती ते फळ्यावरच दिसतं.

सत्राच्या शेवटी मी स्नो फ्लेकचं पोस्टर पुन्हा लावतो, शब्द झाकून. फक्त चेहरा. वर काय लिहाल, असं विचारतो आणि वीस मिनिटं देतो. बहुतेक जण चांगल्या ओळी लिहितात, काही फारच चांगल्या. गेल्या खेपेला एका मुलीनं कागद कोराच परत दिला. खाली पेन्सिलीनं तिनं एवढंच लिहिलं होतं : 'याला भेटता येईल का?'